कुरण राखा

आमारोच्या गाई मतदानाने गेल्या, असं आमच्या खोऱ्यात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. आमारो माझा धाकटा भाऊ, आणि खरं काय ते मला ठाऊक आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी इथल्या टेकड्यांवर बिल्डरांचा डोळा होता. कॅलिफोर्नियात तेव्हा एकेक खोरं असंच बंगल्यांखाली जात होतं. मी भर उन्हात किराणा दुकानासमोर उभी राहून सह्या गोळा केल्या आणि आम्ही कायदा करून घेतला: शेतीच्या जमिनीवर काही बांधायचं तर खोऱ्यातल्या मतदारांनी आधी हो म्हटलं पाहिजे. पहिली सही आमारोची. पाट्याही त्यानेच रंगवल्या. हिरवं कुरण, त्यात त्याची लाडकी गाय मिमोझा आणि खाली ‘कुरण राखा’. जिंकलो तेव्हा रस्त्यात नाचलो आम्ही. कायद्याची मुदत संपली की पुन्हा मतदान आणि पुन्हा पाट्या, म्हणून त्या मी माझ्या कोठारात रचून ठेवल्या, वर कुलूप घातलं. जन्मात मी एवढं एकच मोठं काम केलं, ते मला जपायचं होतं.

आमारोकडे रेफुहिओ नावाचा माणूस बावीस वर्षं दूध काढत होता, सोबत त्याचे तीन मेहुणे. इथली घरभाडी आभाळाला भिडली तशी ही मंडळी घाटापलीकडे राहायला गेली. रोज दीड तास जायला, दीड तास यायला. एकदा तर गाडी चालवता चालवता रेफुहिओचा डोळा लागला आणि तो कठड्यावर जाऊन आदळला. बायकोने सांगितलं, आता बस. ते गेले तर धारा काढायला दुसरं कुणी मिळणार नव्हतं. मग आमारोने ठरवलं, रस्त्याकडेच्या कोपऱ्यात, जिथे धड काटेही उगवत नाहीत, तिथे या लोकांना चार लहान घरं बांधून द्यायची.

त्यासाठी मतदान लागणार होतं. चार माणसांत तोंड न उघडणारा माझा भाऊ हातात टोपी घेऊन त्याच किराणा दुकानासमोर उभा राहिला.

मी त्याला बजावलं की बोट दिलं की लोक मनगट धरतात, आज चार घरं, उद्या चारशे.

तो म्हणाला, “अगं, गाईच राहिल्या नाहीत तर ते गवत काय तू खाणार आहेस?”

मला हसू आलं. बरं बाबा, देते तुला मत, म्हटलं मी.

पुढच्या आठवड्यात टेकडीवरच्या बंगल्यातली विनिफ्रेड जॅमची बरणी घेऊन आली. तिला खिडकीतून कुरण दिसतं, तेवढाच तिचा शेतीशी संबंध. तिने जुन्या पाट्या मागितल्या. कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. उगाच भोळेपणाचा आव कशाला आणू? एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आमारोच्या फाटकासमोर चाळीस पाट्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर त्याची मिमोझा. टपालाने मतपत्रिका आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून ‘नाही’वर खूण केली. कसला ताठा म्हणायचा हा?

आमारो एकशे अठरा मतांनी हरला. रेफुहिओ दूर कुठेतरी बदामाच्या बागेत कामाला गेला. पाच महिन्यांत गाई लिलावात निघाल्या. आमारो कुंपणाला टेकून उभा होता, आणि एकेक गाय गाडीत चढत होती तसं तिचं नाव हळूच घेत होता.

पवित्र आत्म्याच्या सणाला आमच्याकडे सगळ्या गावाला सोपास वाढतात, पावावर ओतलेला गोमांसाचा रस्सा. आजोबा अझोर्स बेटांवरून आले तेव्हापासून त्यासाठीची गाय आमच्या घरची असायची. यंदा मांस बाजारातून आणलं. आमारो मात्र नेहमीसारखा वाढायला उभा होता.

तो माझ्यापाशी आला. मला राहवलं नाही. म्हटलं, “आमारो, मी तुलाच मत दिलं होतं रे.”

त्याने पावावर रस्सा ओतला, पुदिन्याची काडी ठेवली.

“देल्फिना,” तो म्हणाला, “कोठाराची किल्ली कुणाकडे असते?”

त्याने पातेल्यातून मांसाचा एक मोठा तुकडा शोधून माझ्या ताटलीत घातला, लहानपणी मी त्याला घालायचे तसा.

“खा,” म्हणाला, “गार होईल.” आणि पुढच्या माणसाला वाढायला गेला.