रूपेशला न सांगितलेला पासवर्ड

मोखाड्यात ज्या खोलीत रंजनाला गुपचूप ठेवलं होतं, तिच्या दारात एका दुपारी तिचा नवरा पंढरी येऊन उभा राहिला. शेजाऱ्यांनी त्याला हुसकावलं. पण त्याला पत्ता दिला कोणी?

मारहाणीपायी घर सोडलेल्या बायकांना जव्हारची एक संस्था आसरा देत असे. कोणाला कुठं ठेवलंय, हे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकाच कुलूपबंद फाईलमध्ये असायचं. पासवर्ड तिथं काम करणाऱ्या दोघांनाच ठाऊक होता, जयश्रीला आणि रूपेशला. रूपेश वावर या गावचा. पंढरीही वावरचा.

रूपेश चहाला गेला तशी जयश्रीनं कमांड टाकायची काळी खिडकी उघडली. फाईलचा पासवर्ड तिथूनच बदलता येत असे. आधी जुना टाकला, मग नवा, मग पुन्हा नवा. टाइप करताना स्क्रीनवर एकही अक्षर उमटत नव्हतं, तरी तिची नजर दाराकडं होती. पेन ड्राइव्हवरची प्रत जुन्याच पासवर्डनं उघडली असती, म्हणून तीही तिनं पुसून टाकली.

संध्याकाळी रूपेशनं दोन-तीनदा खटपट केली.

"जयश्रीताई, फाईल उघडत नाही. पासवर्ड बदललात?"

"हो."

"मग सांगा की."

"सध्या नको."

त्यानं कीबोर्डवरचे हात काढले. "पंढरी माझ्या गावचा, म्हणून?"

तिनं पुढ्यातले कागद आवरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं रंजनाला साखरशेतला, ओळखीच्या मालूबाईंकडं हलवलं. रूपेशला कळू दिलं नाही. तो फोनवर हळू आवाजात बोलू लागला की ती हातातलं काम थांबवून कान द्यायची.

आठवडा उलटायच्या आत पंढरी साखरशेतलाही पोचला.

जयश्री चक्रावली. हा पत्ता रूपेशला माहीत असणं शक्यच नव्हतं. ती तडक रंजनाकडं गेली.

"कोणाशी बोललीस तू?"

रंजना पदराचं टोक पिळत राहिली. "पोरीशी. रामीशी. मोखाड्यातबी, हितंबी. बापाच्या फोनवरनं बोलते ती. लय रडत व्हती, ताई. आई, तू कुठं हायेस, म्हनाली. पोरीला खोटं कसं सांगू?"

पोलिसांनी पंढरीला समज दिली. रामीला आईजवळ आणायचं ठरलं.

जव्हारला परतल्यावर जयश्रीनं रूपेशसमोर खुर्ची ओढली.

"चुकलं माझं. नवा पासवर्ड सांगते, ऐक."

"नको, ताई. पुन्हा काही झालं, तर तुमच्या मनात पहिलं नाव माझंच येईल."

"नाही येणार."

रूपेश नुसता हसला. हल्ली ती फाईल उघडायची वेळ आली की तो न सांगता उठतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहतो.