उजव्या दाराचा आवाज

मी एक जुनी लाल मोटार आहे. लाल होते म्हणा. रियेका या बंदरगावाच्या खाऱ्या वाऱ्याने आता विटकरी झाले आहे. हसू नका मित्रांनो. माझ्या बरोबरीच्या किती जणी भंगारात गेल्या, मी अजून बंदरावरून वरच्या वस्तीपर्यंत चढ चढते. मला अक्षर येत नाही, पण गाणं कळतं.

मला कारखान्यातून आणलं मिरानने. तो गातो आणि गिटार वाजवतो. त्याचा दोस्त लिव्हियो ऑर्गन वाजवतो. तरुणपणी दोघं वाद्यं माझ्या टपावर बांधून किनाऱ्यावरच्या गावोगाव जात. त्या ऑर्गनने माझं कंबरडं मोडलं, पण मी कुरकुरले नाही. टाळ्या मात्र मिरानला पडत, भिंतीवरच्या कागदांवर फोटोही त्याचाच मोठा. एके दिवशी लिव्हियोने ऑर्गन उतरवून घेतला, तो पुन्हा चढवलाच नाही. मग मलाही कोणी विचारीना. माझ्या टपावर मांजरांनी संसार केले.

मिरानची मुलगी निवेस मोठी झाली आणि मिक्सिंग शिकली. वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून त्यांचं एक गाणं जुळवायचं, हे तिचं काम. तिला बाबांच्या जुन्या गाण्यांची नवी तबकडी करायची होती, अगदी त्या काळच्यासारखी: डाव्या स्पीकरमधून गिटार, उजव्यातून ऑर्गन, दोन्हींच्या मधे गळा. ती लिव्हियोच्या दारात जाऊन बसली.

"वाजवीन पोरी," तो म्हणाला. "पण या खेपेला मी ऐकू आलो पाहिजे."

आमच्याकडे गाणं मोटारीत ऐकल्याशिवाय पास होत नाही. स्टुडिओतले मोठे स्पीकर तोंडपुजे असतात, मोटार तोंडावर सांगते. मिरानचा नियमही आहे. मिक्सिंग करणाऱ्याने मागच्या सीटवर बसायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पुढच्यांनी आधी एक चांगलं सांगायचं, मग दोष.

आता माझं ऐका. माझ्या उजव्या दारातला स्पीकर त्या हिवाळ्यातच मुका झाला होता. खारटपणाने तार खाल्ली होती. मी चारदा खरखरले असते तर कोणीतरी दार उघडून पाहिलं असतं. पण म्हातारपणाचं दुखणं चारचौघांत कोण उघडं करतं? डाव्या स्पीकरवर बातम्या आणि फुटबॉल ऐकवून मी दिवस ढकलले.

नवं गाणं वाजवून तयार झालं, तेव्हा निवेसने त्याची कॅसेट लावली आणि मागे जाऊन बसली. मिरान स्टिअरिंगच्या चाकामागे, आमच्याकडे ते डावीकडे असतं, लिव्हियो त्याच्या उजव्या हाताला. गाणं सुरू झालं. गिटार आली, गळा आला. ऑर्गन आला नाही. लिव्हियो हळूहळू वाकला आणि त्याने माझ्या मुक्या दाराला कान लावला. मित्रांनो, त्या कानाची ऊब मला अजून सोसत नाही.

मागच्या सीटवर निवेसला ऑर्गन येत नाही हे कळलं होतं. पण नियम बाबांचा, आणि तिला वाटलं, ऑर्गन कुठे, असं बाबा आत्ता म्हणतील.

गाणं संपलं. मिरानने चाकावर थाप मारली. "झकास. निवेस, कशाला हात लावू नकोस. सगळं आहे."

लिव्हियोने दार उघडलं. "चांगलं सांगायचं तर गिटार छान आहे," तो म्हणाला आणि उतरला.

"काका, थांबा," निवेस मागून धडपडत बाहेर आली. "तुमच्या बाजूचा स्पीकर गेलाय. टेपमध्ये तुम्ही आहात."

"स्पीकर मेला, कबूल. तुझ्या बापाचा कान तर जिवंत होता ना?"

तो चढ उतरून गेला. निवेस म्हणत राहिली, "मी मधेच बोलायला हवं होतं."

निवेसने तार बदलली. मिरान एकटाच येऊन बसला. त्याने आवाज पूर्ण उजवीकडे वळवला. गिटार गेली, गळा आणि ऑर्गन उरले. तो पुन्हा पुन्हा ऐकत होता. इतकी वर्षं त्याच्या गळ्याखाली कोणी खांदा दिला होता, ते त्याला तेव्हा दिसलं. कॉफी थंड झाली, सिगारेट बोटात जळून गेली.

मग त्याने मला लिव्हियोच्या दारापुढे नेऊन उभं केलं. हॉर्न दिला नाही. तो उतरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

लिव्हियो खिडकीत आला, त्याने मागच्या सीटवर मिरानला पाहिलं. मग खाली येऊन पुढे बसला, कॅसेट लावली, उजव्या दाराकडे मान कलती केली.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "चांगलं आधी सांगायचं, होय ना? एक चांगलं आहे. तू मागे बसलायस. आता दोष. तरुणपणापासून सुरू करतो."

आणि मित्रांनो, त्याने खरंच तिथून सुरू केलं. मिरानने तोंड उघडलं नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखी जुनी वस्तू असेल, तर तिची दोन्ही बाजूंची विचारपूस करा. ती मानी असते, स्वतः सांगत नाही. आणि कोणाचं काम ऐकून 'सगळं आहे' म्हणण्याआधी, शेजारी कोण दाराला कान लावून बसलंय, तेवढं वळून पाहा.