परातीतला किनारा

"फौजेची गाडी पोचायच्या आधी तू जाजो, अम्मी. काही झालंच तर पवनच्या मायले ते तुझ्या तोंडून समजलं पायजे."

दोन महिन्यांपूर्वी, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, वाजिद हे बोलला होता. ऊर्जानगरच्या क्वार्टरात, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून. कनीजनं मान डोलवली होती. शेजारी त्याच्या पलटणीतला जोडीदार, मोहर्लीचा पवन, शेवया ओरपत होता. लढाई पेटलेलीच होती. समुद्रातून जाऊन उतरायचं, एवढंच दोघांना ठाऊक. किनाऱ्याचे फोटो दाखवले होते, त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

वाजिदनं परातीत पीठ थापून किनारा केला, पाणी ओतलं, काडेपेटीची नाव सोडली. "चांद अन् भरती पाहून सायेब लोक दिवस ठरवतात. नाव इथी टेकते, समोरचं दार पडते, का आमी धावलो."

"अन् माझं पीठ?" कनीज म्हणाली.

"सरकारकडे अर्ज करा, चाची," पवन म्हणाला. "मी वाघाच्या गावचा, कशाले भेत नाई. पोहणं बी फौजेनं शिकवलं. पण गाळात कोणी पोहते काय?"

वाजिद हसला नाही. फोटोतला तो किनारा त्याला वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यासारखा वाटला होता. वरून वाळलेला, पक्का. पाय दिला की आत नुसता रेंदा. लहानपणी तिथं फसलेली म्हैस त्यानं दोर लावून ओढताना पाहिली होती.

"सायबाले सांगतलं मी. म्हणे, प्लॅन वरून आला, त्यायनं पाहिलंच असन."

तेव्हापासून कनीज दर सोमवारी, गुरुवारी रोजा धरू लागली. अमावस्येची मोठी भरती जवळ आली अन् वाजिदचा फोन बंद झाला, तेव्हाच ती समजली, उतरायचा दिवस आला. पण त्या गाळाचं सांगणार कोणाला?

"तू का जनरल हायेस?" तिचा नवरा हाफिज म्हणाला होता.

आज गुरुवार. सकाळी दवाखान्यातून वाजिदचा फोन आला.

"दार पडलं, अम्मी. पवन माझ्या पुढं होता. पाठीवर ओझं. गाळात कमरेपर्यंत गेला. मी दोर फेकला, त्यानं धरला बी. मंग मले गोळी लागली... हात सुटला माझा."

टीव्हीवर सांगत होते, किनाऱ्यावर उतरायची मोहीम फत्ते झाली.

हाफिजनं दुवेला हात उचलले, अन् कनीजकडे पाहून तसेच खाली घेतले. "गाडी उद्या जाईनच तिच्याकडे. तू कोणत्या तोंडानं जाशीन? आपला वाचला, हे सांगाले?"

मागच्या बाजारात कनीजला पवनची माय, इतवारीबाई भेटली होती. गावानं मोहाची नवी फुलं देवाला वाहून खाल्ली, पण तिनं तोंडात घातली नव्हती. "पवन आल्यावर खाईन," म्हणाली होती.

पलीकडे ओट्यावर परात उभी होती, घासूनपुसून कोरडी. कनीजनं तिच्यावरून नजर काढली.

"मोहर्लीची बस अकराचीच हाये ना?" तिनं विचारलं.

"थांब, मी येतो."

"नको. कबूल मी केलं होतं."

तिनं ओढणी सारखी केली, चपला पायात सरकवल्या, अन् दार हळूच ओढून घेतलं.