सांगायचा आकडा

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज कंबर किती दुखते, काका?"

फोनवरच्या मुलीने एवढं विचारलं आणि मधुकररावांनी सवयीने आधी इकडे तिकडे पाहिलं. दुकानातल्या गादीच्या काठावर दोन बाया परकराचं कापड बोटांत चोळून बघत होत्या. मुलगा पियुष मागच्या फळीवर तागे रचत होता.

"नऊ," मधुकरराव म्हणाले.

दुखत होतं सहा. पण अडतीस वर्षं अल्लीपूरच्या बाजारओळीत कापड विकलेला माणूस पहिल्याच दमात खरा आकडा सांगेल कसा? सांगायचा भाव वेगळा, द्यायचा वेगळा. गिऱ्हाईक नाक मुरडतं, उठल्यासारखं करतं, आपण त्याला पुन्हा बसवतो, आणि दोघं मिळून खऱ्या भावाला पोचतो. यात खोटेपणा कोणालाच वाटत नाही. त्यामुळे ही मेघा नावाची मुलगी आता "नऊ कसं काका, आवाज तर चांगला ठणठणीत आहे" असं काहीतरी म्हणेल, मग आपण आठावर येऊ, ती सहावर, असा त्यांचा हिशेब होता.

मेघा म्हणाली, "नऊ. बरं, लिहिलं."

मधुकरराव चपापले. पहिला भाव मुकाट्याने मान्य करणारं गिऱ्हाईक एकतर खुळं असतं, नाहीतर उधारी बुडवणारं.

महिन्याआधी पियुषने त्यांना वर्ध्याला एका दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडं वयाच्या मानाने ठीक आहेत, ऑपरेशन नको, गोळ्या कमी करा आणि हालचाल वाढवा. जुन्या कंबरदुखीवाल्यांसाठी बारा आठवडे दर सोमवारी हेल्थ कोचचा फोन येईल, पैसे लागणार नाहीत. फॉर्मवर दुसरा नंबर पियुषचा लिहिला.

"कोच क्रिकेटवाल्याइले असते. मले कायले?" मधुकररावांनी घरी आल्यावर बायकोला विचारलं. "अन् फुकट काऊन? याच्या मागून काहीतरी येतेच. तेल नाई तं पट्टा, पट्टा नाई तं चुंबकाचा पलंग."

"अवो, ते पोरगी तुमची कंबर विचारून राह्यली," सुलोचनाबाई म्हणाल्या, "तिजोरीची चाबी नाई."

मधुकररावांचा विश्वास बसला नाही. दर सोमवारी ते तेलाची वाट पाहू लागले. तेल काही येईना.

तिसऱ्या सोमवारी मात्र मेघाने विचारलं, "दिवसातले किती तास गादीवर बसता? सलग किती वेळ? मधे थोडा वेळ दुसरं कोणी बसू शकेल का?"

आणि मधुकररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! हे तेल तिकडचं नाही, घरचंच आहे.

दिवाळीपासून पियुष मागे लागला होता. "बाबा, आता मांडी घालून कोनी बसत नाई. काउंटर लावू, वर काच, मागं खुर्ची."

"गादी माह्या बापाची आहे," मधुकररावांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. "मी जिता आहो तवरी राहीन."

त्या गादीचं मोल पियुषला कळणं शक्य नव्हतं. पांढरी चादर, मागे लोड, हाताशी लोखंडी मीटरपट्टी. त्यावर बसलेल्या माणसाला सारं गाव शेठ म्हणतं. त्यावरून उठलेला माणूस म्हणजे घरातला एक म्हातारा, ज्याला दोन वाजता "जेवता का आता?" एवढंच विचारतात. मधुकररावांना याची भीती होती, कंबरेची नव्हती. कंबर मेली तर मेली.

पुढच्याच आठवड्यात पियुष गल्लीत उभा राहून फोनवर "हो मॅडम, पाहतो मॅडम" करताना त्यांना दिसला. मग संशयाला जागाच उरली नाही. पोराने दवाखान्याला हाताशी धरलं होतं, आणि मेघाताई गोड बोलून बापाला गादीवरून उठवणार होत्या.

मधुकररावांनी बसल्या बसल्या डाव मांडला. आपण बरं वाटतंय म्हटलं की हे म्हणणार, बघा, बसणं कमी केल्याने फरक पडला, आता बसणं सोडाच. म्हणून नऊ सोडायचं नाही. नऊ म्हणजे हिचा उपाय फोल, आणि उपाय फोल म्हणजे गादी निर्दोष.

पण उपाय मात्र त्यांनी सगळे केले. फुकट मिळालेला माल परत करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मेघाने सांगितलं, अर्ध्या तासाने उठा; ते उठून बस स्टँडपर्यंत जात आणि कोणी विचारलं तर सुटे पैसे आणायला गेलो होतो म्हणत. तिने सांगितलं, खालचा तागा कंबर पिळून ओढू नका, आधी त्याच्याकडे पूर्ण वळा. ते वळू लागले. जमिनीवरून उठताना एक गुडघा टेकवा, दुसरं पाऊल पुढे ठेवा, हात मांडीवर, श्वास रोखू नका. हे त्यांनी घरी माजघरात दार लावून पंधरा दिवस घोकलं. आणि तिने सांगितलं, दुखलं म्हणजे आत काही मोडलं असं नसतं, घाबरून पडून राहू नका. हे ऐकून त्यांना बरं वाटलं, पण ते त्यांनी तिला कळू दिलं नाही.

सहाव्या आठवड्यात कंबर तिनावर आली. सकाळी चपला घालताना भिंत धरावी लागेना. आनंद झाला होता, पण सांगायचा कोणाला?

"आज किती, काका?"

"नऊ," ते म्हणाले, आणि अगदीच वाईट दिसू नये म्हणून अर्धा सोडला. "साडेआठ धर."

"धरलं. तुम्ही नेमाने चालता तरी इतकं दुखतं," मेघा हळू आवाजात म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय असं वाटतं."

मधुकररावांना क्षणभर कसंतरी झालं. मग ते स्वतःला म्हणाले, बोलण्यात तयार आहे पोरगी.

आठव्या सोमवारी तिने नवीन प्रश्न काढले. पायाला बधिरपणा येतो का? पाऊल उचलताना जड वाटतं का? मधुकररावांना वाटलं, आता ही भाव पाडायला बसली. नुसत्या नऊवर मानणार नाही, वर काहीतरी ठेवावं लागेल.

"येते ना," ते म्हणाले. "डावा पाय बधिर होते. उचलताच येत नाई कधी कधी."

मग मेघाने दोन-तीन प्रश्न घाईघाईने विचारले आणि म्हणाली, "काका, आज काही उचलू नका. मी पियुषदादांना फोन करते."

अर्ध्या तासात पियुष दुकानात आला. शटर भर बाजारात खाली ओढलं, बापाच्या समोर गादीवर बसला आणि रडायला लागला. बत्तीस वर्षांचा बाप्या.

"आठ हप्ते नऊ, बाबा? पाय उचलत नाई? अन् घरात एक शब्द नाई? मी रोज तुमाले वरचे तागे काढायले लावू लावू..."

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मधुकररावांनी तोंडही उघडलं. पण पोर रडत असताना बापाने काय म्हणावं, की मी भाव करत होतो?

मग वर्धा. तीन दिवस लेकीकडे मुक्काम, रक्त, तपासण्या, मशीनच्या नळीत अर्धा तास निपचित पडून राहणं. डॉक्टर म्हणाले, नस ठीक आहे, घाबरण्यासारखं काही नाही. "मग नऊ कसं?" असं पियुषने फोनवरून विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दुखणं मशीनमध्ये दिसत नाही. ते सांगतील तेवढं खरं मानायचं." इतका विश्वास मधुकररावांवर अल्लीपुरात आजवर कोणी टाकला नव्हता. त्यांची मान खाली गेली.

चौथ्या दिवशी ते परतले तेव्हा दुकानात काउंटर उभा होता. वर काच, मागे पाठ टेकायची उंच खुर्ची, खाली चकचकीत फरशी. पियुष तीन रात्री सुतारासोबत जागला होता, डोळे तांबारलेले.

"आता वाकनं नाई, उठनं नाई," तो म्हणाला. "अन् गादी फेकली नाई, बाबा. कापूस पिंजून घेतला. घरी तुमच्या पलंगावर टाकली, कंबरीले बरी."

मधुकरराव खुर्चीत बसले. खुर्ची चांगली होती. त्यांना एवढंच वाटलं, की कोणीतरी कपटाने आपल्याला उठवेल म्हणून आपण जागत होतो, आणि उठवलं ते पोराच्या मायेने. भांडायचं तरी कोणाशी?

बाराव्या सोमवारी मेघाचा शेवटचा फोन आला. मधुकरराव फोन घेऊन गल्लीत गेले.

"आधी एक सांगजो," ते म्हणाले. "तू काही विकनार आहेस का नाई?"

"काय विकणार, काका?" मेघा हसली.

"अन् पियुषनं गादी काढून काउंटर लावला. त्यानं तुले सांगतलं होतं का, बाबाले गादीवरून उठव म्हनून?"

"नाही हो! मीच त्यांना म्हटलं होतं, गादी काढू नका. ती काकांची जागा आहे, फक्त अर्ध्या तासाने उठायची आठवण करून देत जा. ते 'हो मॅडम, पाहतो' म्हणायचे. आता पाय बधिर झाल्यावर घाबरले असतील."

मधुकरराव गल्लीत आणखी दोन पावलं आत सरकले. मग म्हणाले, "दोन."

"काय दोन?"

"कंबर. दोन आहे. पहिल्या दिवशी सहा होती. नऊ कधीच नोती. पायाचंही खोटं."

ती रागावेल असं त्यांना वाटलं. रागावली असती तर बरंच झालं असतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बरे झालात, काका." मग तिने विचारलं, "पियुषदादांना मी सांगू?"

"तू नोको," मधुकरराव म्हणाले. "ते माह्यं काम आहे."

ते दुकानात आले तेव्हा जुनी गिऱ्हाईक जिजाबाई आली होती. नातीला लग्नात नेसायला नवरीची पांढरी साडी घ्यायची होती. पायरीशी चपला काढून ती आत आली आणि बसायचं कुठे ते न कळून फरशीवर तशीच उभी राहिली.

मधुकररावांनी फळीवर ठेवलेली गादीची पांढरी चादर काढली, फरशीवर अंथरली आणि मांडी घालून बसले. जिजाबाईही समोर टेकली.

"बाबा!" पियुष काउंटरमागून ओरडला. "काय करून राह्यले? कंबर!"

"दोन आहे," मधुकरराव साडीची घडी उलगडत म्हणाले. त्याच्याकडे पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. "नऊ नोतीच, पियुष. मी सांगाचा आकडा सांगत गेलो. गादी जाईन म्हनून."

काचेवर ठेवलेला हात पियुषने तसाच ठेवला.

जिजाबाईने पदर तपासला, काठ तपासला, आणि भाव विचारला. मधुकररावांनी द्यायचा तोच सांगितला. जिजाबाईने नेहमीप्रमाणे निम्मा केला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तोच आकडा सांगितला.

तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तब्येत बरी नाई का तुमची, शेठ?"

"बरी आहे," मधुकरराव म्हणाले.

जिजाबाई साडी घेऊन गेल्यावर पियुष पुढे आला आणि त्याने हात दिला. मधुकररावांनी तो धरला नाही. एक गुडघा टेकवला, दुसरं पाऊल पुढे ठेवलं आणि श्वास न रोखता आपले आपण उठले. मग चादरीची नीट घडी घातली, ती पियुषच्या हातात दिली आणि काउंटरमागच्या खुर्चीवर जाऊन बसले.