हळदीतला बुडबुडा

मित्रांनो, मी फार घाबरलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. वस्तू कशाला घाबरतील, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या घरात ओट्याखाली कोण लटकतंय ते तुम्ही कधी वाकून बघितलेलं नाही.

मी एक जुना गॅसचा पाईप आहे. रबरी, नारंगी, आता नारंगी म्हणवणार नाही इतका मळलेला. माझं एक टोक सिलिंडरच्या रेग्युलेटरला, दुसरं ओट्याच्या भोकातून वर जाऊन शेगडीला. घरातला सगळा स्वयंपाक माझ्या पोटातून जातो. तरी मला कुणी नाव ठेवलं नाही, की कुणी नावाजलं नाही.

एका कारखान्यात तापलेल्या रबरातून मला ओढून काढलं. तेव्हा मी चकचकीत होतो, कसाही वाकवला तरी सरळ व्हायचो. त्याच दिवशी माझ्या अंगावर तारीख छापली, की अमुक वर्षानंतर हा पाईप वापरू नये. जन्मतानाच मरणाची तारीख अंगावर घेऊन यायचं, हे आमच्या जातीचं नशीब. त्याचं मला दुःख नव्हतं. राग या गोष्टीचा आहे, की ती तारीख वाचायला माणसं वाकत नाहीत. मोबाईलवरचं बारीक अक्षर बरोबर दिसतं यांना!

मी ज्या घरात आलो ते हर्सूलला, तलावापासून फार लांब नाही. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. विश्वजीत आणि मंजुषा दोघंही नोकरीला. त्यांची मुलगी श्रेया. तिचं पहिलं दूध माझ्यातून आलेल्या गॅसवर तापलं. आज ती पाचवीत आहे. एवढ्या वर्षांत शेगडी दोनदा बदलली, कुकरला नव्या शिट्ट्या मिळाल्या, टीव्ही भिंतीएवढा झाला. फुलंब्रीकडून येणाऱ्या नानांनी, म्हणजे विश्वजीतच्या वडिलांनी, बाजारातून बिडाचा एक खोलगट तवा आणला. तो तर घरचा जावईच झाला. त्याला तेल लावून पुसून ठेवतात. "काय तवा हाय!" असं येणारा-जाणारा म्हणतो. मी ओट्याखाली अंधारात ऐकत असतो.

सिलिंडर आत ढकलताना दरवेळी मी एकाच जागी दुमडायचो. रेग्युलेटरपासून टीचभर अंतरावर. तिथं आधी पांढरी रेघ आली. मग रेघेची भेग झाली. आणि एक दिवस भेगेतून गॅस बाहेर निघाला, अगदी थोडा, झोपेतल्या श्वासासारखा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली भीती त्या दिवशी सुरू झाली. कारण मला माहीत आहे गॅस कसा वागतो. तो हवेपेक्षा जड. उडून जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, कोपऱ्यात साचतो आणि ठिणगीची वाट बघत गप्प बसतो. त्याला घाण वास मुद्दाम लावलेला असतो, माणसांना कळावं म्हणून. आणि या माणसांनी काय केलं?

"मोरीची नाली तुंबली वाटतं," विश्वजीत म्हणाला.

नालीत फिनेल ओतलं. वर उदबत्ती लावली. उदबत्ती! ती विझेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

भेग मंजुषानं पाहिली होती, हे मला सांगायलाच हवं. फरशी पुसताना तिचा हात माझ्यावरून गेला. ती थांबली. तिनं नवऱ्याला हाक मारली.

"अहो, पाईप चिरलाय बघा. आजच नवा आणा."

नेमका तेव्हा विश्वजीतच्या मोबाईलवर नानांचा फोन स्पीकरवर चालू होता. ते तिकडून लेकावर ओरडले, "इश्या, पितरं चालू हायेत. नवी वस्तू घरात आणू नको बरं!"

"नाना, पाईप आहे हो तो," मंजुषा म्हणाली.

"पाईप झाला म्हणून काय, वस्तूच की ती. घट बसू दे. दसऱ्याला घ्या सगळं नवं."

विश्वजीतला तेच हवं होतं. "दसऱ्याला बघू," म्हणाला. दसऱ्याला त्याला बाईकसाठी नवं सीट कव्हर पण घ्यायचं होतं.

बघू. मुहूर्ताची वाट माणसानं बघावी. गॅस बघत नाही. पितृपक्षात माझी भेग काही थांबून राहिली नाही, घट बसल्यावरही नाही. ती दुधावरच्या सायीसारखी हळूहळू फाकत गेली. मंजुषानं वर चिकटपट्टी गुंडाळली, ती तेलकटपणानं दोन दिवसांत सुटली. स्वयंपाकघराची खिडकी बंदच, कबुतरं येतात म्हणून. मी रात्रंदिवस एकच गोष्ट करत होतो. काडी कोण ओढतंय ते ऐकत होतो.

अशात खंडेनवमी उजाडली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात, तुम्हाला माहीत असेल. नाना पहाटेच्या एसटीनं आले. पिशवीत झेंडूची फुलं, मक्याची कणसं आणि येसर मसाल्याचा डबा. विश्वजीत खाली बाईक धुवायला गेला. आणि शाळेला सुट्टी म्हणून श्रेया स्वयंपाकघरात शिरली.

या पोरीच्या डोक्यात कायम एक गोष्ट चालू असते. हर्सूलच्या तलावाखाली भुकाजी नावाचा राक्षस झोपलाय. वर्षातून एकदा तो उठतो आणि न्याहारी मागतो. न्याहारी मिळाली नाही तर तलाव पिऊन टाकतो. आपल्या नळाला रोज पाणी का येत नाही, याचं तिच्याकडे हे असं पक्कं उत्तर आहे.

"आई, आज भुकाजी उठणार. त्याची न्याहारी मी करते. ड्रॅगनची अंडी पाहिजेत."

"अंडी? घरात घट बसलेत, कार्टे!"

"पण ड्रॅगनला कुठं उपवास असतो?"

"ड्रॅगनला नसंल. मला नऊ दिवसांचा हाय. माझ्या डोळ्यांपुढं अंडं फोडलंस तर बघ."

नाना दारात उभे राहून हसत होते. "बटाटे घे माय. बटाटा म्हंजी जमिनीनं घातलेलं अंडं. राक्षसाला काय कळतंय?"

"त्याला सगळं कळतं, नाना."

"मंग त्याला सांग, नाना म्हणले म्हणून. माझं ऐकतो तो."

झालं. बिडाचा तवा चढला, मोठ्या बर्नरवर. मंजुषा शेजारी उभी राहिली. तेलात जिरं तडतडलं. बारके बटाटे येसर मसाल्यात घोळून तव्यात गडगडले, ती ड्रॅगनची अंडी. मक्याचे दाणे पडले, ते भुकाजीचे पडलेले दात. मेथीचं जंगल झालं. रात्रीच्या ज्वारीच्या भाकरी कुस्करून कडेनं डोंगर रचले. डोंगरावर लाल मिरच्या उभ्या रोवल्या.

"या ज्वाळा," श्रेया म्हणाली. "डोंगर पेटलाय."

मी ओट्याखाली लटपटत होतो. पोरी, ज्वाळांचं नाव काढू नकोस. नाव काढू नकोस गं.

माझ्यातून भरभर गॅस वर जात होता, आणि त्यातला थोडा प्रत्येक वेळी भेगेतून खाली सांडत होता. वर खमंग वास सुटला होता. भाकरीच्या कडा तव्याला लागून कुरकुरीत व्हायला लागल्या होत्या. त्या वासात माझा वास बुडून गेला. नालीलासुद्धा त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत. मंजुषानं तव्यावर झाकण ठेवलं, आच मंद केली. "शिजू दे आता. वरून दह्याचा ढग सोडू."

तेवढ्यात नाना हळदीकुंकवाची वाटी घेऊन आले. पाटावर विळी, सुरी, अडकित्ता, विश्वजीतचे बाईकचे पाने-पक्कड मांडून पूजा झाली होती.

"आता गॅस राहिला," नाना म्हणाले. "ज्याच्यावर पोट चालतं ते समदं पुजायचं. शेतात नांगर, इथं ह्यो."

ते गुडघे धरत ओट्यापुढं बसले. हळद पातळ कालवलेली होती. सिलिंडरला पाच बोटं ओढली. मग, काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मलाही एक ठिपका लावला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पुजत होतं. आणि तो ठिपका बरोबर माझ्या भेगेवर बसला.

"श्रेया, इथं फूल ठेव. मी निरांजन घेऊन येतो."

निरांजन. पेटलेलं. माझ्यापुढं ओवाळायला.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आठ पावलांवर देवघर. नानांच्या चपला नसलेल्या पायांचा आवाज मला येत होता. वात पेटल्याचा वास आला. पाय परत फिरले. ओट्याखाली गॅस साचलेला, समोर पोर बसलेली, वर तिची आई.

श्रेया फूल ठेवायला वाकली आणि तशीच राहिली.

"आई, भुकाजी श्वास घेतोय."

"घेऊ दे. न्याहारीचा वास आला असंल त्याला."

"नाय गं, खरंच. ही बघ त्याची शेपूट. हळदीतून बुडबुडा येतोय."

"भुकाजीला म्हणावं, दम धर जरा," नाना हसत आत आले. हातात ताम्हण, ताम्हणात ज्योत.

"फुटला. नाना, बघा, परत आला! एक फुटला की दुसरा येतोय."

नाना थांबले. त्यांचा एक पाय स्वयंपाकघरात होता, एक बाहेर. आयुष्यभर त्यांनी सायकलच्या ट्यूबचं पंक्चर घमेल्यातल्या पाण्यात बुडवून शोधलं होतं. बुडबुडा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचं हसू तोंडावरच वाळलं.

"मंजुषा." आवाज एकदम बारीक. "शेगडी बंद कर. खालचा खटका बंद कर. श्रेया, इकडं ये. पळ."

ते स्वतः उलट्या पावलांनी बाहेर सरकले. हातातली ज्योत हलत होती. घट बसलेल्या घरात, पूजा अर्धी असताना निरांजन विझवायचं नसतं. त्यांच्या बोटांनी क्षणभर तो विचार केला, मला दिसलं. मग त्यांनी हळदीच्या ओल्या चिमटीत वात दाबली.

मंजुषानं शेगडी बंद केली. वाकून रेग्युलेटर बंद केला. वास आता तिच्या नाकात शिरला आणि तिचा हात आपोआप एक्झॉस्ट फॅनच्या बटनाकडे गेला.

"आई, बटन नको!" श्रेया दारातून किंचाळली. "शाळेत सांगितलंय! ठिणगी पडते!"

हात हवेतच राहिला. मंजुषानं तो मागं घेतला, कबुतरांना बंद केलेली खिडकी सताड उघडली, आणि बाहेर जाऊन पोरीला अशी कवटाळली, की पोर म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे."

विश्वजीत वर आला तेव्हा तिघं जिन्यात बसले होते. त्याच्या हातात झेंडूचा जाडजूड हार होता.

"काय झालं? इथं का बसलात?"

मंजुषा त्या हाराकडे बघत राहिली. "गाडीला हार आणलात," ती म्हणाली. "पाईप नाय आणला."

त्यानं हार खाली ठेवला. नाना म्हणाले, "त्याला बोलू नको. पितरं मी सांगितली. पितरांनी काय मागितलं होतं का माझ्याकडं? मीच शहाणा." म्हातारा माणूस, पण डोळे पुसले नाहीत त्यानं. वाहू दिले.

विश्वजीत त्याच पावली बाजारात गेला आणि नवा पाईप घेऊन आला. दसऱ्याच्या एक दिवस आधी. कुणी मुहूर्त विचारला नाही. शेगडी पुन्हा पेटायच्या आधी सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघितलं. पण लगेच काडी ओढायचा धीर कुणाला झाला नाही; तवा तसाच जिन्यात आणून सगळे जेवले. मंजुषा नाही, तिचा उपवास. बटाटे आतून कच्चे होते.

"अंडी अजून उबायची होती," नाना म्हणाले.

"भुकाजीला कच्चीच आवडतात," श्रेया म्हणाली, आणि दह्याचा ढग डोंगरावर सोडला.

मी फरशीवर पडलो होतो. सुटलो होतो. वाटलं, संपली भीती. तर श्रेयानं मला उचललं. "ही मी ठेवणार. भुकाजीची शेपूट!" मला असं प्रेमानं याआधी कुणी उचललं नव्हतं. आणि नानांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ठेव, ठेव. टाकू नका. शेतातल्या शेगडीला येईल कामाला."

मित्रांनो, तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरलो.

मंजुषा उठली. पाटावरची विळी तिनं उचलली. हळदीकुंकू लावलेली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती असते, कामाला लावत नाहीत. नानांनी सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काप," ते म्हणाले. "बारीक काप."

तिनं माझे तुकडे केले. कुठल्याच शेगडीला पुन्हा बसणार नाही इतके बारीक. एक बोटभर तुकडा, हळदीचा, श्रेयानं मागून घेतला. बाकीचा मी कचऱ्याच्या डब्यात आहे. उद्या घंटागाडी येईल.

शाळेत तुम्ही छत्रीचं, बाकाचं, घड्याळाचं आत्मवृत्त लिहिता. शेवटी ती सगळी रडतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. माझ्यावर दया करू नका, हळद लावू नका, दसऱ्याची वाट बघू नका. आता हे पान खाली ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला हाताला धरून ओट्यापाशी न्या. दिवसाउजेडी न्या, काडी ओढून नका बघू. तिथं माझा भाऊ लटकतोय. तो कधीपासून हाक मारतोय, आणि त्याला आवाज नाही.