अंतरपाट पुन्हा धरा

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नवरा-नवरीच्या मधोमध काळी पट्टी दिसली, म्हणून कल्याणीने मान वर करून स्टेजकडे पाहिलं, तर पट्टी तिथेही होती. जमिनीपासून छतापर्यंत उभी, वीतभर रुंद. तिच्या डाव्या बाजूला हर्षल गळ्यात हार घालून उभा होता. उजव्या बाजूला कल्याणीची धाकटी बहीण तेजल होती, तिचा एक खांदा पट्टीच्या आत गेला होता. खरा अंतरपाट तोवर घडी होऊन भटजींच्या पिशवीत गेला होता.

लग्न खरं तर रीतसर लागलं होतं. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, लोक पंगतीकडे पळाले. मग साहेब आले. साहेब कशाचे साहेब होते ते मांडवातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं, पण खुर्च्या मात्र सगळ्यांनी रिकाम्या करून दिल्या. वडील गेल्यापासून घरातलं सगळं बाजीकाका ठरवत. ते धावत स्टेजवर आले.

"साहेब फोटोत पाहिजेत," काका म्हणाले. "अंतरपाट पुन्हा धरा."

"अक्षता पडल्या की हो," भटजी म्हणाले.

"मंत्र कोण म्हणा म्हणतंय? नुसतं धरायचं. फोटोपुरतं."

भटजींनी हात लावला नाही. एक टोक काकांनी धरलं, दुसरं साहेबांच्या ड्रायव्हरने. तेजल गळ्यातला हार काढून परत पाटावर उभी राहिली. साहेबांनी रिकामी मूठ वर करून अक्षता टाकल्यासारखं केलं.

"काका, मला हा फोटो काढायचा नाही," कल्याणी म्हणाली.

"तुला कोण विचारतंय? बटण दाब."

विट्यात तिचा स्वतःचा स्टुडिओ होता. तालुक्यातली निम्मी लग्नं तिने काढली होती, आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात तिला कोणी विचारत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तिने बटण दाबलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब निघाले, ड्रायव्हर हातातलं टोक टाकून त्यांच्यामागे पळाला, आणि काकांनी लोंबणारं कापड गुंडाळून भटजींकडे फेकलं.

पट्टी त्या फोटोपासूनची.

आपल्याकडे काही बिघडलं की पहिलं बोट कॅमेऱ्याकडे जातं. "तुझ्या मशीनमधी फॉल्ट हाय," काका म्हणाले, आणि जिलबी खायला गेले. कल्याणी स्टेजवर चढली. पट्टीत हात घातला तर आत सुती कापड लागलं, गार, आणि त्याच्या पलीकडे तेजलच्या बांगड्या.

"ताई," तेजल म्हणाली, "मी हितंच उभी आहे."

कल्याणीने तिचं मनगट धरून ओढलं. तेजलबरोबर पट्टीही ओढली गेली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पट्टी मध्येच.

फोटोत काळी पट्टी आली की काय काय तपासायचं, ते कल्याणीला पाठ होतं. आधी दिवे. मंगल कार्यालयातले नवे एलईडी डोळ्यांना दिसत नाहीत असे लुकलुकतात आणि फोटोत पट्टे मारतात. तिने मॅनेजरला सगळे दिवे घालवायला लावले. खिडक्यांतून दुपारचं ऊन येत होतं, पट्टी होती तशीच राहिली, उलट पंगतीतून ओरड झाली की वांग्याची भाजी दिसेना. मग फ्लॅश. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, पूर्ण उघडायच्या आत फ्लॅश उडाला तर कडेला काळं राहतं. तिने फ्लॅश काढून ठेवला. लेन्स बदलली, कार्ड बदललं, दुसरा कॅमेरा काढला. प्रत्येक वेळी एक फोटो काढून पाहिला, आणि प्रत्येक फोटोगणिक पट्टी बोटभर रुंद झाली.

हे तिच्या ध्यानात आलं तोवर तेजलचा चेहरा गेला होता.

तिने हात आवरला, पण मांडवात प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. आतेबहिणी पट्टीला पाठमोऱ्या उभ्या राहून सेल्फी काढत होत्या. एक फोटो, एक बोट.

"मोबाईल खाली ठेवा!" कल्याणी ओरडली. "दिसत नाही का काय होतंय ते?"

"एवढं काय अंगावर यायचं?" एक आतेबहीण म्हणाली. "साडी तर दिसतीय की." आणि तिने साडीच्या काठाचा फोटो काढला. काठही गेला.

त्यात स्टेजच्या मागे डेकोरेशनवाल्याने थाळ्याएवढे नाही, चांगले माणूसभर उंचीचे गोल आरसे लावले होते. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्यामागची आपणच दिसतो म्हणून कल्याणी सकाळी त्याच्याशी भांडली होती. त्याने ऐकलं नव्हतं. आज कोणीच तिचं ऐकत नव्हतं.

नवरा-नवरीला घास भरवायला लावलं. हर्षल शांत मुलगा होता, सांगितलं तिथे उभा राहणारा. त्याने जिलबीचा तुकडा पट्टीत धरला, हात मनगटापर्यंत आत गेला आणि रिकामा बाहेर आला.

"खाल्लं!" विहीणबाई म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ताई, माझ्या तोंडापर्यंत नाही आला," तेजल आतून म्हणाली. "हितं अजून एक कापड आहे."

कल्याणी भटजींकडे गेली. ते विड्याचं पान चघळत दक्षिणेची वाट बघत बसले होते. "धरला की रीतसर सोडावा लागतो," ते म्हणाले. "ज्यांनी धरला त्यांनी. मी सांगत होतो."

तिने साहेबांना फोन लावला.

"फोटो चांगला आला का?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला परत यावं लागेल. तुमच्या ड्रायव्हरनं धरलेलं टोक रीतसर सोडायचं राहिलंय."

"ड्रायव्हर आता हितं धरून उभाय," साहेब म्हणाले. मागे दुसऱ्या कुठल्या तरी मांडवातला बँड वाजत होता. फोन कट झाला.

काका ढेकर देत आले. "चला, गाडी लागलीय. पाठवणीचं बघा."

"कुणाला पाठवताय? पोरगी दिसतीय का तुम्हाला?"

"आहे की पट्टीमागं. पट्टीसकट बसवू. मागची सीट मोकळीच हाय. होती माणसाला सवय."

"माझ्या लग्नातबी मी एका फोटोत धड आले नव्हते," विहीणबाई म्हणाल्या. त्या हे प्रेमाने म्हणाल्या, हे जास्त वाईट होतं. "काय अडलं का?"

आई स्टेजच्या पायरीशी ओटीचं ताट घेऊन उभी होती. कोणी तरी तिला सकाळी तिथे उभं केलं होतं आणि बस म्हणून सांगायला विसरलं होतं. कल्याणीला काकांचा संताप आला, साहेबांचा आला, आईच्या त्या गप्प उभं राहण्याचाही आला. एका पोरीला जिवंतपणी कापडात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायला निघालेत, आणि कोणाच्या घशात घास अडकत नाही!

तपासायची एकच गोष्ट राहिली होती. वेग. फोटो जितका झटकन काढावा तितकी पट्टी गडद, आणि कॅमेऱ्याचा पडदा जितका जास्त वेळ उघडा तितकी ती फिकट. कल्याणीने ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा त्यावर घट्ट बसवला आणि पडदा सावकाश उघडा ठेवून एक फोटो काढला. पट्टी करडी झाली. आत तेजलची नथ चमकली.

त्याच वेळी मठ्ठ्याची बादली घेऊन एक वाढपी स्टेजसमोरून गेला. फोटोत त्याची नुसती रेघ उमटली. कल्याणीने मान वर केली. बादली जमिनीवर होती, वाढपी नव्हता.

पडदा उघडा असताना जो हलतो, तो फोटोत राहत नाही. हे कुठलाही फोटोग्राफर सांगेल.

तिने कॅमेऱ्याची चकती शेवटच्या खुणेवर फिरवली. तिथे बटण दाबून धरलं की बोट उचलेपर्यंत पडदा उघडा राहतो.

"सगळ्यांनी आहे तिथं स्थिर उभं राहा," ती म्हणाली. "कोणीही हलू नका. मी एकदाच सांगणार आहे."

तिने बटण दाबलं आणि दाबून धरलं.

कोणी ऐकेल तर शपथ. आतेबहिणी केस सावरत होत्या, त्या आधी गेल्या. मोबाईल खुर्च्यांवर पडले. भटजींचा जबडा चालू होता. ते गेले, पिशवी राहिली. विहीणबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि पदराबरोबर त्याही विरळ झाल्या.

"हे काय लावलंस?" काका हातवारे करत स्टेजवर आले. "बंद कर ते!"

"हात हलवू नका काका."

"मला शिकवतीस?" त्यांनी बोट रोखलं. बोट गेलं, मग कोपरापर्यंत हात. "तुझ्या बापाच्या माघारी मी..." खांदे गेले. आवाज तेवढा माईकजवळ थोडा वेळ घुटमळला.

कल्याणीने बोट उचललं नाही. तिला वाईट वाटलं का? नाही. आरशात दिसणाऱ्या पंगती ओस पडल्या, पत्रावळींवरचा भात तसाच वाफाळत राहिला. पट्टी राखेच्या रंगाची झाली, मग दुधाच्या, मग तिच्यातून तेजलच्या मुंडावळ्या दिसल्या, कपाळ दिसलं, रडून काळं झालेलं काजळ दिसलं. रिकामा हात पुढे धरून हर्षल तिच्यासमोर तसाच उभा होता. पायरीशी आई ताट घेऊन तशीच उभी होती. बाकी स्टेजवर कोणी नव्हतं.

आणखी थोडंच. बोट आत्ता उचललं तर पडदा मिटणार, आणि जे राहिलंय ते तसंच राहणार. तेजलच्या गळ्याशी अजून कापडाची एक पातळ घडी होती.

"ताई," तेजल म्हणाली. ती कल्याणीच्या खांद्यावरून नव्हे, थेट कल्याणीकडे बघत होती, आणि तरी तिला ताई धड दिसत नव्हती. "ताई, तू थरथरतीयस."

दुपारपासूनच कल्याणी थरथरत होती. रागाने. तिने श्वास रोखून पाहिला, दात आवळून पाहिले. काका गेले तरी राग गेला नव्हता, तो तिच्या गुडघ्यांत होता, खांद्यांत होता, हनुवटीत होता.

"ताई, शांत हो गं. हलू नको."

कल्याणीने स्टेजमागच्या आरशात पाहिलं. आरशात ट्रायपॉड होता, कॅमेरा होता, आणि बटणावर घट्ट दाबलेलं एक बोट होतं.