राजाच्या खुनाची आठ पानं

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. सत्तेची हाव माणसाला कुठवर नेते आणि जिवलग मित्र पाठीत सुरी कशी खुपसतो, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे, पाहिलं होतं. ती आठ पानं आता माझ्यात नाहीत.

माझा जन्म नागपुरातल्या एका छापखान्यात झाला. एका फार जुन्या परदेशी शोकांतिकेचा मी मराठी अनुवाद. लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. तिथल्याच सदर भागातल्या एका कॉलेजनं मला विकत घेतलं, छातीवर शिक्का मारला आणि काचेच्या कपाटात उभं केलं. एका प्राचार्यांनी मला हातात धरून फोटोही काढला होता. पुढे गाईडं आली, मुलं ती वाचून पास होऊ लागली आणि मी पंधरा वर्षं उभ्या उभ्या झोपलो. तक्रार नाही. माझी प्रस्तावना तेवढी कसरीनं वाचली.

यंदा मात्र मला मागणी आली. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मेघा आणि भावना या मैत्रिणी होत्या. एकच बाक, एकच डबा. विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची एक जागा निघणार होती. विभागप्रमुख गणपतराव सरांनी जाहीर केलं, की माझ्यातल्या राजाच्या खुनावर जी वर्गासमोर उत्तम बोलेल, तिचं नाव पुढे पाठवू. मेघाला ती जागा हवीच होती. नाही मिळाली तर रामटेकला परत, आणि तिथं घरच्यांनी स्थळ बघून ठेवलेलं. भावनालाही हवी होती. काहून, ते तिनं कधी सांगितलं नाही.

प्रत माझी एकच. आधी भावनानं मला घरी नेलं. नंतर मी मेघाकडे आलो, तेव्हा एका पानावर राजा मित्रासोबत जेवायला बसला होता आणि पान उलटताच राणी विधवा झालेली होती.

"काहून वं भावना, खुनाची पानं कुठं गेली?"

"मले काय विचारून राहिली? जुनं पुस्तक आहे, गळली असतील."

गळलेल्या पानांची कड इतकी सरळ नसते. मेघानं त्या कडेवरून बोट फिरवलं आणि ती ग्रंथपाल मनोहररावांकडे गेली.

"पोरी, नियम एकच," ते म्हणाले. "फाटकं पुस्तक ज्याच्या हातात सापडलं, रजिस्टरात नाव त्याचं. लिहू काय तुझं?"

"नको सर."

तो दिवस आला. भावना फाइल घेऊन उभी राहिली. खून तिनं ओळ न् ओळ सांगितला, जिथं रडायला हवं तिथं रडली. फाइलीतून माझी पानं डोकावत होती. मी मेघाच्या हातात होतो. तिलाही ती दिसली. माझ्यावरची तिची पकड सैलही झाली नाही, घट्टही झाली नाही.

"वा!" सर म्हणाले. "विश्वासघात इतका आतून समजलेली विद्यार्थिनी मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

मग मेघा उठली. "राजा जेवायला बसला. सोबत त्याचा मित्र होता. पुढचं या पुस्तकात नाही."

वर्ग हसला. "तयारी करून येत जा," सर म्हणाले.

दुपारी डबा उघडला. "ठेचा जहाल झाला वं आज. भिवापूरची मिरची काय?" भावनानं विचारलं.

"हो," म्हणत मेघानं डबा तिच्याकडे सरकवला. दोघी जेवल्या.

मित्रांनो, पुस्तकं जपून वापरा. पान आवडलं तर उतरवून घ्या, नाहीतर कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. आम्हाला कापलेलं दुखत नाही, पण आमच्यानंतर जो वाचतो, त्याच्या राजाला कोणी मारलं हेच त्याला कळत नाही.

मेघा मे महिन्यात रामटेकला गेली. जूनमध्ये तिचं लग्न झालं. जुलैत अभ्यासक्रम बदलला, विभागाचे तास कमी झाले आणि ती जागा भरलीच गेली नाही.